धुऱ्यावर ०.९१, वावरात ०.३८ : मधला कर्ब गेला कुठं?

काळी_वीतभर | ११ मे, रात्री ९.४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमचं पूर्णा तालुक्यात सात एकर. काळी, भारी, पाच-सहा फूट खोल. २०११ मध्ये माती तपासली होती तेव्हा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणाचा मातीत उरलेला कार्बन) ०.६२ टक्के आला होता. तो कागद आबांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या घडीत सापडला. यंदा हरभरा निघाल्यावर परत तपासली, तर ०.३८. सामू (पीएच) ८.२.

या वेळी एक आगाऊपणा केला. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मातीही वेगळ्या पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर 'वावर क्र. २' असं लिहून दिली. धुऱ्यावर दोन बाभळी, एक लिंब, बाकी कुंदा आणि गवत. माझ्या जन्मापासून तिथं नांगर लागलेला नाही. तिचा आकडा ०.९१! मधलं अंतर दहा पावलं. पाऊस तोच, ऊन तेच, माती तीच.

२०११ ला घरी बैलजोडी आणि तीन म्हशी होत्या. कापसात तूर, थोडा मूग, रब्बीला ज्वारी. २०१५ च्या दुष्काळात कडबा परवडेना, बैल विकले, वर्षभरात म्हशीही गेल्या. तेव्हापासून सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा. भाड्याचा ट्रॅक्टर, उन्हाळ्यात नांगरट, पेरणीआधी दोनदा रोटाव्हेटर. भुसकट कुणी नेलं तर नेलं, नाहीतर काडी लावतो. खोटं कशाला बोलू.

आता घरात तीन पक्ष झालेत. आबा म्हणतात बैल आणा. धाकटा भाऊ म्हणतो नांगर कायमचा बंद कर. मेहुणे म्हणतात जीवामृत सोड, दोन वर्षांत माती लोण्यासारखी होते. मी मधल्या मधे.

प्रश्न एकच. कोणत्या पद्धतीनं कर्ब खरोखर वाढतो? आधी आणि नंतर तपासून बघितलेल्यांनी सांगावं. ऐकीव माझ्याकडे भरपूर आहे.

तिफण | ११ मे, रात्री ९.५२

बैल विकले तवाच कर्ब विकला.

कुंडीवाला | ११ मे, रात्री १०.१५

मूळचा नांदेडचा, सध्या पुण्यात गच्चीवर शेती करतो. माझ्या कुंडीत कर्बच कर्ब आहे, कारण माती नाहीच, नुसतं कोकोपीट. कढीपत्ता तरी मेला.

मोंढ्यातला | ११ मे, रात्री १०.३०

इथं सोयाबीनला हमीभाव मिळंना अन् तुम्ही कर्बाचा भाव काढताय.

ब्युरेट_बाई | १२ मे, सकाळी ७.०५

परभणीला मृदाशास्त्र शिकले, पुढे बरीच वर्षं माती तपासण्यातच गेली. म्हणून आधी आकड्याविषयी, पद्धतीविषयी नंतर.

हा आकडा बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धतीने निघतो. ही पद्धत १९३४ ची. बारीक चाळलेल्या मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं. कर्ब जळतो आणि जळताना डायक्रोमेट खातो. उरलेलं किती ते मोजायचं. शेवटी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना जांभळट निळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो. त्या एका थेंबावर तुमचं ०.३८ किंवा ०.४० ठरतं. दुपारी चार वाजता, साठावा नमुना हातात असताना, डोळे चुकतात. शिवाय या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्के जळतो असं धरून पुढे गुणाकार असतो.

म्हणून २०११ चा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवून छाती बडवू नका. प्रयोगशाळा वेगळी, हात वेगळा, आणि मुख्य म्हणजे नमुना कुठून घेतला होता ते कुणाला आठवतंय? धुऱ्याची पिशवी आणि वावराची पिशवी मात्र एकाच दिवशी एकाच हातातून गेली. त्या फरकावर माझा विश्वास आहे. आगाऊपणा चांगला केलात.

आपल्याकडच्या वर्गवारीत ०.२१ ते ०.४० म्हणजे कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.८१ ते १.०० जास्त. तुमच्या एकाच गटात 'कमी' आणि 'जास्त' शेजारी नांदतायत.

आता हिशोब. एकरभर रानाची वरची १५ सेंटीमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. कर्ब ०.१ ने वाढवायचा म्हणजे त्या मातीत ९०० किलो निव्वळ कर्ब *टिकवायचा*. घालायचा नाही, टिकवायचा. घातलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब वर्ष-दोन वर्षांत हवेत जातो. आपल्या एप्रिल-मेच्या ४२ अंशांत, नांगरून उघड्या टाकलेल्या रानात तर फारच. हे ९०० डोक्यात ठेवा आणि मग खाली येणारे सल्ले वाचा.

उंटावरचा_शहाणा | १२ मे, सकाळी ८.२०

बाई, आमच्या रानात चुनखडीचे खडे आहेत, हरभऱ्याएवढे. चुनखडीत पण कर्ब असतो म्हणे. म्हणजे मी श्रीमंत?

ब्युरेट_बाई | १२ मे, सकाळी ८.४१

असतो, पण तो असेंद्रिय. मराठवाड्याच्या काळ्या मातीत खाली जाल तसा तो वाढतो. पिकाला त्याचा उपयोग नाही, उलट जस्त आणि लोह अडकून बसतं. वरच्या पद्धतीत तो मोजलाही जात नाही. श्रीमंती पुढच्या जन्मी.

जीवामृत_२०० | १२ मे, दुपारी १.१०

सगळे आकडे बाजूला ठेवा. रासायनिक खतानं जमीन मेली ही सरळ गोष्ट आहे. युरियानं कर्ब जळतो. मी हिंगोली जिल्ह्यात सहा वर्षांपासून सुभाष पाळेकरांच्या पद्धतीनं करतो. एक देशी गाय, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर धुऱ्याची माती. एकराला एवढं पुरतं. आज माझ्या वावरात कुदळ मारली की गांडूळ निघतो. वीस वर्षांत दिसला नव्हता.

ब्युरेट_बाई | १२ मे, दुपारी २.३०

गांडूळ निघतो हे उत्तमच. तपासलंय का, आधी आणि नंतर?

आणि हिशोब बघा. दहा किलो ओल्या शेणात सुकं दोन किलो. गूळ-बेसन चार किलो. म्हणजे एकरी सहा किलो सुकं, त्यातला कर्ब तीन किलोच्या आत. महिन्यातून दोनदा सोडलंत तरी वर्षाला सत्तरच्या पुढे जात नाही, आणि तोही लगेच खाल्ला जाणारा. आपल्याला टिकाऊ ९०० हवेत.

जीवामृत_२०० | १२ मे, दुपारी २.५०

जीवामृत हे खत नाही बाई, विरजण आहे.

ब्युरेट_बाई | १२ मे, दुपारी २.५८

विरजण कबूल. दूध कुठंय?

कुंडीवाला | १२ मे, दुपारी ३.००

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा कुणीतरी.

जीवामृत_२०० | १२ मे, रात्री ८.१५

राग नाही. दूध म्हणजे आच्छादन. पाळेकरांच्या पद्धतीत बीजामृत, जीवामृत, आच्छादन, वाफसा असे चार पाय आहेत. लोक ड्रम भरतात, फोटो काढतात आणि बाकी विसरतात. मी सोयाबीनचं भुसकट, हळदीचा पाला, धुऱ्यावरचं कापलेलं गवत, सगळं परत वावरात पसरतो. सहा वर्षांत काडी लावलेली नाही. तपासणी केली नाही हे मात्र खरं. या मृगाच्या आत करतो आणि इथंच टाकतो, जो निघेल तो.

युरियाचं मात्र मी मागं घेणार नाही.

ब्युरेट_बाई | १२ मे, रात्री ९.०५

मग युरियावर थोडं, कारण हे सगळीकडे ऐकू येतं.

इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गहू चालू आहे. काही पट्ट्यांना काहीच नाही, काहींना रासायनिक, काहींना दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. आपल्याकडेही १९७० पासून देशभर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. दोन्हीकडचा कल एकच. शेणखताच्या पट्ट्यात कर्ब सगळ्यात जास्त, हे खरं. पण सगळ्यात कमी कुठं? बहुतेक ठिकाणी काहीच न घातलेल्या पट्ट्यात. संतुलित रासायनिक खताच्या पट्ट्यात त्याहून थोडा जास्त, कारण पीक जोमदार येतं, मुळं जास्त होतात आणि धसकटं जास्त उरतात. नुसता युरिया मारत राहिलात, स्फुरद-पालाश विसरलात, तर पीक आणि कर्ब दोन्ही खाली येतात. आपल्याकडच्या प्रयोगांतल्या एकत्रित पट्ट्यांत, म्हणजे शेणखत अधिक शिफारशीचं खत, कर्ब आणि उत्पादन दोन्ही चांगलं.

युरिया कर्ब जाळत नाही. काडेपेटी जाळते.

पाचटराव | १३ मे, सकाळी ६.३०

अंबड तालुका, गोदावरीच्या अलीकडं. आधी-नंतर मागितलंय म्हणून लिहितो. नऊ वर्षांपूर्वी ०.४४, मागच्या साली ०.७१. जागा तीच, विहिरीपासून चौथी सरी, मी खुंटी ठोकून ठेवलीय.

केलं काय तर उसाचं पाचट (वाळका पाला) पेटवलं नाही. एकरी तीन-चार टन सुकं पाचट पडतं. एक आड एक सरीत दाबलं, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू टाकलं. पहिल्या वर्षी सगळ्या गावानं येड्यात काढलं. उंदीर होतील, खोडवा फुटणार नाही म्हणाले. उंदीर झाले थोडे. खोडवा पण फुटला.

पाणलोट | १३ मे, सकाळी ९.१२

अभिनंदन, पण हा कर्ब पाण्याच्या जिवावर आहे साहेब. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हासुद्धा मराठवाड्यात ऊस उभा होता.

पाचटराव | १३ मे, सकाळी ९.४०

ठिबक आहे. आणि लातूरचं पाणी मी पिलो नाही.

मोंढ्यातला | १३ मे, सकाळी ९.५५

कारखान्यानं मागचं बिल दिलं का ते सांगा.

पाचटराव | १३ मे, सकाळी १०.०२

जखमेवर मीठ चोळू नका.

धागा_राखणदार | १३ मे, सकाळी १०.३०

ऊस विरुद्ध पाणी हा धागा वेगळा आहे आणि आधीच चारशे प्रतिसादांचा आहे. तिकडे भांडा. इथं कर्ब.

सरकी | १३ मे, रात्री १०.२०

दिवसभर वेळ मिळत नाही, आत्ता लिहितेय. मानवत तालुका, चार एकर, कापूस आणि तूर. धाग्यातल्या धाकट्या भावाचा पक्ष मी तीन वर्षं जगले, म्हणून सविस्तर.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातासाठी बसवलेलं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र आमच्याकडं कापूस-सोयाबीनला लोक करायला लागलेत. एकदाच गादीवाफे पाडायचे, मग नांगर नाही, वखर नाही, रोटाव्हेटर नाही. पीक जमिनीलगत कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची. तणाला तणनाशक.

पहिलं वर्ष वाईट गेलं. उतारा घटला, सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला. तणनाशक मारलं तरी केणा आणि हराळी हटत नाही, मग खुरपं कुणाच्या हातात? व्हिडिओ भाऊजी बघतात, वाकायला आम्ही. रोजानं बाया लावल्या तर नांगरटीचे वाचलेले पैसे तिथं गेले. हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. शेजारच्या रोटाव्हेटर मारलेल्या वावरातली वरची माती ओढ्याला गेली, पिवळट पोट उघडं पडलं. माझ्या वाफ्यांच्या मधल्या सरीतून पाणी निघून गेलं, गढूळ झालं पण माती धरून राहिली. त्या दिवशी सासरे बांधावर उभे राहून नुसते बघत होते. संध्याकाळी चहा मागितला. अबोला संपला.

आता तपासणी. तिसऱ्या वर्षी मी मुद्दाम दोन थरांतली माती दिली. वरची चार बोटं ०.५८. त्याच्या खालची वीतभर ०.४१. नांगरलेल्या एकराची सरमिसळ ०.४३. म्हणजे वर साचलाय, खाली अजून काही नाही. कुणाला वरवरची माती देऊन 'डबल झाला' म्हणायचं असेल तर सोपं आहे.

आणखी एक, ज्याला पैसे लागत नाहीत. काचेचे दोन ग्लास घ्या, पाणी भरा, तोंडावर चहाच्या गाळणीची जाळी ठेवा. एकात नांगरलेल्या वावरातलं बोराएवढं वाळकं ढेकूळ, दुसऱ्यात धुऱ्यावरचं. वावरातलं फुगतं, बुडबुडे येतात, पोह्यांसारखं विरतं आणि दोन मिनिटांत ग्लासाचं पाणी चहा होतं. धुऱ्याचं तसंच बसून राहतं. माझ्या वाफ्यातलं ढेकूळ पहिल्या वर्षी दोन मिनिटं टिकलं होतं, आता अर्धा तास टिकतं.

काळी_वीतभर | १४ मे, सकाळी ६.५०

सरकीताई, दंडवत. ग्लास आत्ताच मांडले. धाकटी मुलगी घड्याळ धरून बसलीय. वावराचं ढेकूळ दीड मिनिटात खलास. धुऱ्याचं अजून बसलंय, हाका मारल्या तरी ती उठायला तयार नाही.

तिफण | १४ मे, सकाळी ७.१५

आमच्या टायमाला ना ग्लास ना जाळी. धनगराची मेंढरं यायची, दिवाळीनंतर तीन रात्री वावरात बसवायचो. रात्रीला पायलीभर जवारी द्यायची. लेंडी अन् मूत, सकाळी वखराची एक पाळी, झालं. पुढच्या साली जवारी पुरुषभर. आता मेंढरंवाला आला तर लोक काठी घेऊन धावतात.

सरकी | १४ मे, रात्री ९.३०

तिफणकाका, मेंढरांचं खरं आहे. पण जुनं ते सगळं सोनं नव्हतं. आमच्या आजेसासूबाई ज्वारी काढल्यावर महिनाभर धसकटं वेचायच्या, चुलीसाठी. पऱ्हाटी चुलीत, तुराट्या कुडाला, शेणाच्या गोवऱ्या. वावराला काय परत जायचं? गॅस आल्यावर धसकटं वेचणं बंद झालं तर आपण काडी लावायला लागलो. वावर तेव्हाही उपाशी, आताही उपाशी.

तिफण | १४ मे, रात्री ९.४५

पोरी, हे बी खरं हाय.

पाणलोट | १५ मे, सकाळी ८.००

मूळ प्रश्नाकडे येतो. पाणलोटाच्या कामात असताना हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेचं शेत बघितलं होतं. माती आपल्यासारखीच काळी. तिथं १९७६ पासून दोन पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. एकीत जुनी रीत, म्हणजे पावसाळाभर रान मोकळं आणि रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. दुसरीत रुंद वरंबा सरी, खरिपात ज्वारी-तूर आंतरपीक, शिफारशीचं खत, पाणी अडवणं. २४ वर्षांनी १२० सेंटीमीटर खोलपर्यंतचा कर्ब मोजला. जुन्या रीतीत हेक्टरी ३९.५ टन, सुधारित पद्धतीत ४६.८ टन. धान्यही एक टनाच्या जागी पाच टनांच्या आसपास.

गंमत बघा, सुधारित पद्धतीत ना शून्य मशागत, ना ट्रॉल्यांनी शेणखत. फरक एवढाच की जमीन पावसाळ्यात उघडी नव्हती, पीक जास्त आलं, मुळं खोल गेली, आणि माती वाहून गेली नाही. आणि वाढ केवढी? २४ वर्षांत हेक्टरी सात टन. दोन वर्षांत लोणी करून देणाऱ्या मेहुण्यांना हे दाखवा.

आता तुमचं सोयाबीन-हरभरा. दोन्ही डाळवर्गी, दोन्हींचा काडीकचरा थोडा, नत्र भरपूर, म्हणून झटकन कुजतो आणि मागं फार उरत नाही. जमिनीला तुम्ही दहा वर्षं नुसतं वरण वाढताय, भाकरी नाहीच. ज्वारीचं धसकट हळू कुजतं, ती भाकरी. तुरीची पानगळ आणि खोल मूळ हा वरून फायदा. २०१५ च्या आधी तुमच्याकडं तूर होती, ज्वारी होती. म्हशींइतकाच दोष या बदलाचाही आहे असं माझं मत.

मोंढ्यातला | १५ मे, सकाळी ८.४०

मत बरोबर, पण रब्बी ज्वारी काढायला माणूस दाखवा. उपटायची, बांधायची, कणसं मोडायची. हरभऱ्याला हार्वेस्टर चालतं. जमिनीला भाकरी हवी खरी, पण ती थापणार कोण?

सरकी | १५ मे, सकाळी ९.०५

पुन्हा आम्हीच.

उंटावरचा_शहाणा | १६ मे, दुपारी १२.१०

परवा गावात एक जण टॅब घेऊन आला होता. म्हणे झिरो टिलेज करा, कार्बन क्रेडिट मिळेल, परदेशी कंपन्या पैसे देतील. वीस वर्षांच्या करारावर अंगठा मागत होता. किती मिळणार विचारलं तर म्हणाला बाजारावर आहे. मधेच नांगरलं तर काय, यावर पान उलटलं.

मोंढ्यातला | १६ मे, दुपारी १२.४०

बाजारावर आहे हे वाक्य मी रोज वीसदा बोलतो. त्याचा अर्थ मला विचारा.

ब्युरेट_बाई | १६ मे, रात्री ९.००

करार मराठीत मागा, मोजणी कोण करणार आणि किती खोलीपर्यंत हे विचारा. वर सरकीताईंनी दोन थरांचं लिहिलंय ना, सगळी मेख तिथंच आहे.

काळी_वीतभर | २८ मे, रात्री ९.१०

बाईंचा पहिल्याच दिवशीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. २०११ चा नमुना कुठून घेतला होता? आबांना विचारलं. आबा सहज म्हणाले, "गोठ्यामागून घेतला की. उकिरड्याच्या खालच्या अंगाला. तिथनं जवळ पडत होतं."

झालं! म्हणजे ते ०.६२ सात एकरांचं नव्हतंच, म्हशींच्या पाठीमागच्या दोन गुंठ्यांचं होतं. बारा-तेरा वर्षं मी ज्या आकड्याचा अभिमान बाळगला तो उकिरड्याचा निघाला. (आकडा आठवला की गावात कॉलर ताठ करून फिरायचो.)

मग परत गेलो. आता सातही एकरांतून नागमोडी फिरत पंधरा ठिकाणची व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती काढली, एकत्र केली, चार भाग करत अर्धा किलो उरवली. आणि गोठ्यामागची वेगळी. आज कागद आले. सरमिसळ ०.४०. गोठ्यामागची ०.५६.

म्हशी जाऊन नऊ वर्षं झाली. गोठा पडला. उकिरड्यावर एरंड उगवलाय. तरी ०.५६?

ब्युरेट_बाई | २८ मे, रात्री ९.४८

तरी. रोथमस्टेडलाच बार्लीच्या एका शेतात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत घातलं आणि मग कायमचं थांबवलं. शंभर वर्षांनंतरही तो पट्टा शेजारच्यापेक्षा वरचढ होता. शेणखताचा कर्ब हळू येतो आणि हळूच जातो. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, ती धरूनही ठेवते.

तेव्हा आबांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, फक्त ते दोन गुंठ्यांपुरतं बरोबर होतं. तीन म्हशी आणि दोन बैलांचं शेण सात एकरांना पुरतच नव्हतं. बहुतेक घरांत तेच व्हायचं, गोठ्याजवळचं रान काळंभोर आणि लांबचं उपाशी.

तिफण | २८ मे, रात्री ९.५५

लांबच्या रानाला गाडी जुपायचा कंटाळा यायचा. कबूल.

जीवामृत_२०० | ३ जून, सकाळी ७.३०

शब्द दिला होता म्हणून आलो. माझा आकडा ०.५२. शेजारच्या काडी लावणाऱ्या भावकीच्या वावराचा, त्याला न सांगता, ०.३९. सुरुवातीचा आकडा माझ्याकडं नाही त्यामुळं किती वाढला ते सांगता येत नाही. ०.९ निघेल असं वाटलं होतं. दोन दिवस बायकोशी पण बोललो नाही.

ब्युरेट_बाई | ३ जून, सकाळी ७.५५

०.५२ कोरडवाहूत लाजण्यासारखा अजिबात नाही. खुंटी ठोका, तीन वर्षांनी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात.

पाचटराव | ३ जून, सकाळी ८.१०

खुंटी लोखंडी घ्या. लाकडाची वाळवीनं खाल्ली माझी पहिली.

काळी_वीतभर | ५ जून, रात्री ८.४५

ठरलं ते लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी तोंड लपवता येणार नाही.

सातही एकरांवर प्रयोग करायची ऐपत नाही. दोन एकर वेगळे काढलेत. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन. सोयाबीन एमएयूएस ६१२, तूर बदनापूरची बीडीएन ७११. रुंद वरंबा सरी पाडून. रोटाव्हेटर बंद, उन्हाळी नांगरट बंद, वखराची एखादी पाळी लागली तर घालू, त्यावर भावाशी तह झालाय. भुसकट मळणी यंत्रापाशी ढीग न करता त्याच दिवशी पसरायचं. तुरीचा पाला तर आपोआप पडतोच. धुऱ्यावर गिरिपुष्पाची खुंटं लावणार, पाला छाटून वावरात टाकायला. सोयाबीनच्या दोन एकरांतलं थोडं रान रब्बीला ज्वारीला ठेवायचं म्हणत होतो, पण तिथं तूर उभी असणार हे बायकोनं लक्षात आणून दिलं. म्हणून ज्वारी शेजारच्या एकरात, तिसऱ्यात.

बाकीचे चार एकर यंदा जुन्याच रीतीनं, फक्त काडी लावायची नाही. घर चालवायचंय.

तीन लोखंडी खुंट्या आज ठोकल्या. एक दोन एकरांत, एक चार एकरांत, एक धुऱ्यावर.

पाणलोट | ५ जून, रात्री ९.००

भुसकट पसरायला त्याच दिवशी माणसं मिळणार नाहीत, आधीच सांगून ठेवा. मळणीच्या दिवशी सगळ्यांना पळायची घाई असते.

तिफण | ५ जून, रात्री ९.०७

अन् बैल?

काळी_वीतभर | ५ जून, रात्री ९.२०

आबांनी कुणाला न विचारता एक कालवड बघून ठेवलीय. परवा बयाणा देऊन आले. गोठा शाकारायचं काम उद्यापासून.

कुंडीवाला | ६ जून, सकाळी ११.००

सगळा धागा वाचला. एक विनंती होती. पुण्याला कुणी येणार असेल तर तुमच्या धुऱ्यावरची एक पिशवी माती पाठवाल का? नवा कढीपत्ता आणलाय.

तिफण | ६ जून, सकाळी ११.२०

धुऱ्याची माती कुणाला देऊ नये. एक वीत धुरा कोरला म्हणून आमच्या भावकीत सतरा साल कोरट चाललंय.

कुंडीवाला | ६ जून, सकाळी ११.२५

मग गोठ्यामागची?

काळी_वीतभर | ६ जून, दुपारी १.००

तिथं आता कालवड बांधणार आहे. पाव किलो ठेवतो काढून.